जुने विणकाम यंत्र आणि मधेच सुटणारा टाका

ज्या मैत्रिणींनी स्वेटर विणण्याचे घरगुती यंत्र जुने विकत घेतले आहे, किंवा घ्यावे की नाही या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. टाके घालणे, बंद करणे, गळ्याला आणि मुंढ्याला टाके कमी करणे हे हातावरच्या विणकामामुळे तुम्हाला येत असणार, म्हणून त्याबद्दल मी फार बोलणार नाही. जी एक गोष्ट मला वेळेवर कोणी सांगितली नाही आणि जिच्यामुळे माझे साडेचार महिने गेले, ती मात्र मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

माझे यंत्र मी मिरजेतील एका घरातून घेतले. ते जपानी बनावटीचे, २०० सुयांचे आणि ४.५ मिलिमीटर गेजचे आहे. गेज म्हणजे दोन सुयांमधले अंतर, म्हणून सुयांचा बेड ९० सेंटिमीटर लांब. कॅरेज, म्हणजे सुयांवरून फिरवून ओळ विणायचा सरकता भाग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत होते, सुयांना गंज नव्हता, कापडाला लटकवायची वजने, टाके उचलण्याची हत्यारे आणि माहितीपुस्तिका सगळे डब्यात जागच्या जागी होते. एवढे पाहून मी निश्चिंत झाले. सांगलीला घरी आणून टेबलाला शिकंज्यांनी बसवले, ४० सुयांवर टाके घातले आणि पहिल्या आठ-दहा ओळी इतक्या सुंदर आल्या की मी कॅरेज थांबवून कापडावर हात फिरवत राहिले. अकराव्या ओळीला मधला एक टाका सुटला. तो उचलला, तर चार ओळींनंतर शेजारचा सुटला.

त्यानंतर मी जे केले, तेच बहुतेक नवशिक्या करतात. टाका सैल-घट्ट करणारी टेन्शनची डायल ५ वरून ८ पर्यंत नेली, पुन्हा खाली आणली. तीन प्रकारची लोकर बदलली. वजने वाढवली. कॅरेज हळू चालवले, मग जोरात चालवले. एका शिकवणीत चौकशी केली, तेव्हा माझे यंत्र न पाहताच मला सांगण्यात आले की हाताला वळण नाही, मशीन सगळ्यांना जमत नाही. ते वाक्य माझ्या मनात फार खोल रुतले. दिवाळीपर्यंत यंत्र विकून टाकायचे मी ठरवले होते.

साताऱ्याला माहेरी गेले असताना आईच्या ओळखीच्या एका वयस्कर काकूंकडे मी सहज विषय काढला. त्यांनी तरुणपणी अशाच यंत्रावर पाचगणीच्या शाळांतील मुलांचे स्वेटर विणून दिले होते. त्यांनी मला टेन्शन विचारले नाही, लोकर विचारली नाही. "बेड मागच्या कडेवर उभा केलास तर सुया आपोआप खाली घसरतात का गं?" एवढेच विचारले. मला उत्तर माहीत नव्हते. सांगलीला परतल्यावर त्याच रात्री मी बेड उभा केला आणि मधल्या साठ-सत्तर सुया एकदम खाली सरकल्या. फोनवर काकू म्हणाल्या, "तुझा हात चुकत नाही बाई. तुझ्या मशीनचा स्पंज मेलाय."

आता हे नीट समजून घ्या, कारण जुन्या यंत्रावर विणताना आत्मविश्वास खचतो तो बहुधा येथेच. प्रत्येक सुई बेडमधल्या आपल्या खाचेत पुढे-मागे सरकते. तिला खाली दाबून धरण्यासाठी सर्व सुयांच्या वरून एक लांब धातूची पट्टी आडवी घातलेली असते आणि तिच्या खालच्या अंगाला स्पंज लावलेला असतो. यालाच स्पंज बार म्हणतात. सुईच्या आकड्यापाशी बिजागरीवर हलणारी बारीक जीभ असते, ती लॅच. सुई पुढे जाताना जुना टाका लॅचच्या मागे सरकतो, आकड्यात नवा धागा पडतो, आणि सुई परतताना तोच जुना टाका लॅच मिटवून स्वतः वरून निसटतो. या सगळ्यात आपले बोट कोठेही लागत नाही. म्हणूनच सुईचे टोक ठरलेल्या उंचीवर असणे अत्यावश्यक आहे. स्पंज दबून चपटा झाला की टोक किंचित वर उचलले जाते, आकडा धागा पकडत नाही आणि जुना टाका मात्र निसटून जातो. विणकाम नेहमी मध्यावर जास्त होत असल्यामुळे स्पंज आधी तेथेच दबतो, म्हणून टाकेही मधलेच सुटतात. बेडच्या कडेच्या सुयांवर विणून पाहिले आणि तेथे टाके सुटले नाहीत, तर पहिला संशय स्पंजवर घ्या. यंत्र वापरले नाही म्हणून स्पंज चांगला राहतो असेही नाही, कारण नुसत्या वयानेच तो कुजतो. माझ्या पट्टीवर स्पंजाऐवजी काळपट चिकट लगदा उरला होता.

ही पट्टी बेडच्या एका टोकाकडून बोथट वस्तूने ढकलली की दुसऱ्या टोकाने बाहेर ओढता येते. नवी घालताना सर्व सुया मागे सारा, स्पंजाची बाजू खाली ठेवा आणि पट्टी जसजशी आत जाईल तसतशा पुढच्या सुया तळहाताने किंवा फूटपट्टीने खाली दाबत चला. मी मात्र आधी आडवाट धरली. गादीच्या दुकानातून फोमची पट्टी कापून आणली आणि जुन्या धातूवर चिकटवली. तीन आठवडे यंत्र चांगले चालले आणि मग पुन्हा तेच सुरू झाले, कारण सोफ्याचा मऊ फोम पटकन बसतो. त्या तीन आठवड्यांनंतर टाके सुटू लागले, तेव्हा मी पुन्हा स्वतःच्या हाताला दोष दिला, हे त्या आडवाटेचे खरे नुकसान. आपल्या मॉडेलची तयार पट्टी मागवा. ती येईपर्यंत दोन आठवडे विणले नाही तरी चालेल, पण फोमचा प्रयोग करू नका.

सफाईबद्दल थोडक्यात सांगते. सुया काढून स्पिरिटने पुसा, ज्यांचा लॅच अडखळतो किंवा ज्या वाकलेल्या दिसतात त्या बाजूला काढा. कॅरेजखालचे जुने ग्रीस घट्ट झालेले असते, ते पुसून शिलाई मशीनचे तेल अगदी थोडे लावा. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल कधीही लावू नका, ते सुकून चिकट होते. सांगलीत आणखी एक गोष्ट विचारलीच पाहिजे, ती म्हणजे २०१९ च्या ऑगस्टमध्ये यंत्र कोठे होते. पुराचे पाणी ज्या घरांत शिरले, त्यांतील यंत्रे वरून पुसून विकायला निघालेली मी पाहिली आहेत. दोन-चार सुया काढून खाचांमध्ये बारीक गाळ किंवा तांबूस थर दिसतो का ते पाहा. दिसला तर कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नका.

स्पंज बदलल्यावर मी लगेच स्वेटरला हात घातला नाही. काकूंच्या सांगण्यावरून आठवडाभर नुसते सुलट कापड विणले. एका बेडच्या यंत्रावर आपल्यासमोर उलट बाजू येते, तिची नजरेला सवय व्हावी लागते. रोज मुद्दाम एक टाका सोडायचा, तो पाच-सहा ओळी खाली जाऊ द्यायचा आणि लॅचच्या हत्याराने चढवत पुन्हा सुईवर आणायचा. ज्या दिवशी सुटलेला टाका पाहून छातीत धस्स झाले नाही, त्या दिवसापासून मी खरी शिकू लागले. कॅरेज अडकले तर जोर लावू नका, हे मात्र कठोरपणे सांगते. कोठल्या सुईत धागा गुंतला आहे ते शोधा, यंत्राला कॅरेज उचलून काढण्याची कळ असेल तर ती वापरा. एका झटक्यात दहा सुया वाकतात.

मापाचा तुकडा न विणता स्वेटर सुरू करणाऱ्यांचे मला कधीच पटलेले नाही. ६० सुयांवर विणा, बेडच्या मध्यावरील शून्यापासून दोन्ही बाजूंच्या एकविसाव्या सुईवर वेगळ्या रंगाचा धागा अडकवा, म्हणजे मधले ४० टाके मोजता येतात. मोजायच्या ६० ओळींच्या आधी आणि नंतरही दुसऱ्या रंगाच्या काही ओळी घाला. मग तुकडा धुऊन, सुकवून, रात्रभर ठेवून मोजा. माझा तुकडा यंत्रावरून उतरताच ६० ओळींना १७ सेंटिमीटर भरला आणि धुतल्यावर १५, कारण वजनांनी कापड लांबीत ताणलेले असते. ३६ सेंटिमीटर लांबीसाठी पहिल्या मापाने १२७ ओळी येतात आणि दुसऱ्याने १४४. मी १२७ वर थांबले असते तर भाच्याचा स्वेटर ४ सेंटिमीटरहून अधिक तोकडा झाला असता.

लोकरीबाबत इतकेच, की ४.५ मिलिमीटर गेजला बाजारातील जाड लोकर चालत नाही. जाड लोकरच आवडत असेल तर ९ मिलिमीटरचे यंत्र शोधा. बारीक लोकरीचा गुंडाही वाइंडरवर, म्हणजे लोकर गुंडाळण्याच्या हातयंत्रावर, पुन्हा गुंडाळून घ्या, धागा अडला की कडेचे टाके आक्रसतात.

गुरू निवडताना पाहा की तो हात मागे बांधून उभा राहू शकतो का. शिकवताना तुमच्या हातातून कॅरेज काढून घेऊन स्वतः दहा ओळी विणून दाखवणारी व्यक्ती हुशार असेल, पण तिच्या विणण्याने तुमचा हात बसत नाही. काकू सांगलीला दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा खुर्ची माझ्या मागे ठेवून बसल्या. टाका सुटला की त्या फक्त म्हणत, "आधी बघ, मग उचल." जिला घरी बोलावता येईल अशी काकू नसेल तरी घाबरू नका. बेड उभा करून पाहणे, कडेच्या सुयांवर विणून पाहणे आणि एका सुईचे टोक बोटाने उचलून ते लगेच खाली बसते का हे पाहणे, या तीन गोष्टी एकटीलाही करता येतात आणि त्यांना दहा मिनिटेही लागत नाहीत.

पावसाळ्यात माझ्याकडे विणकामाची मागणी नसते. तेव्हा मी स्पंजाची पट्टी बेडमधून काढून ठेवते, म्हणजे सुयांवर तो दबून राहत नाही, आणि बेड जुन्या सुती साडीत गुंडाळते. पट्टी बसवल्याचा महिना तिच्या टोकाला शाईने लिहिलेला आहे. दसऱ्याच्या आधी ती परत घालते, बेड मागच्या कडेवर उभा करते आणि सुया जागच्या हलत नाहीत हे पाहिल्यावरच पहिला टाका घालते.