जुन्या मोटरसायकलसाठी इंजिन ऑइल कसं निवडावं

खंबाटकी घाट चढताना वडिलांची १९९८ ची स्प्लेंडर एकदा अडून बसली. रेस द्यावी तसं इंजिन ओरडत होतं, पण गाडी पुढे सरकेना. मागे आई बसलेली, शेजारून ट्रक घासून चाललेले. क्लच प्लेटा संपल्या असणार, असं धरून दुसऱ्या दिवशी गाडी खोलली, तर प्लेटा चांगल्या जाड होत्या, फक्त बुळबुळीत झालेल्या. आठ दिवसांपूर्वीच ऑइल बदललं होतं, दुकानातलं सगळ्यात महाग. ते कारचं होतं. दुकानदाराने दिलं आणि मी बाटली न वाचता ओतलं.

तेव्हापासून कुणी ‘जुन्या गाडीला कुठल्या कंपनीचं ऑइल चांगलं?’ असं विचारलं, की मी आधी गाडी कुठली आणि तिची अवस्था काय, ते विचारतो. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी येतं.

आधी बघा, ऑइल नक्की कुठे जातं

कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं असतं. स्प्लेंडर, पॅशन, पल्सर, युनिकॉर्न अशा आपल्याकडच्या बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांमध्ये एकच ऑइल तीन कामं करतं. पिस्टन आणि हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) वंगण देतं, गिअरचे दाते सांभाळतं आणि क्लच प्लेटाही त्याच ऑइलात बुडालेल्या असतात. पहिल्या दोन कामांना घर्षण जितकं कमी तितकं बरं, तर क्लचला घर्षणच हवं असतं. कारच्या बऱ्याच ऑइलांमध्ये मायलेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. घाटात माझा घात त्यांनीच केला.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटची रचना निराळी आहे. तिच्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि डाव्या बाजूचा प्रायमरी चेनचा डबा हे तीन वेगळे कप्पे असतात. गिअर उजव्या पायाला असेल, तर तुमची गाडी याच घराण्यातली समजा. इंजिनात २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल जातं (या आकड्यांचा अर्थ पुढे सांगतो). क्लच प्रायमरीच्या डब्यात असतो, त्यामुळे तिथलं ऑइल वेगळं मोजायचं आणि वेगळं बदलायचं. अनेक जण इंजिनचं ऑइल नेमाने बदलतात आणि या डब्याकडे वर्षानुवर्षं बघतही नाहीत. नंतरच्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनच्या बुलेटमध्ये मात्र सगळं एकत्र आलं आणि कंपनीने १५डब्ल्यू-५० सुचवलं. म्हणून मित्राची बुलेट बघून आपल्या बुलेटचं ऑइल ठरवू नका.

आरएक्स १०० किंवा येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये पेट्रोलबरोबर जळणारं टू-टी ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. आरएक्सला टू-टी ऑइलची स्वतंत्र टाकी आणि पंप आहे, तर बहुतेक येझदींना पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. टू-टी घेताना बाटलीवर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी बघून घ्या, धूर आणि काजळी दोन्ही कमी होतात. गिअरबॉक्समध्ये टू-टी कधीही ओतू नका. तिथेही ओला, म्हणजे ऑइलात बुडालेला क्लच असतो, त्यामुळे पुढे ओल्या क्लचबद्दल जे सांगतो आहे ते त्या कप्प्यालाही लागू आहे.

मग मॅन्युअलमधला आकडा

मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा, किंवा ऑइल फिलरच्या झाकणावर आणि आसपासच्या चेंबरवर बघा. पुष्कळ गाड्यांवर तिथेच ग्रेड कोरलेली किंवा चिकटवलेली असते.

१०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा आणि दुसरा गरम इंजिनातल्या जाडीचा. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजतात. ३० नंबरचं ऑइल तिथे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (जाडी मोजायचं एकक) असतं, ४० नंबरचं १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. म्हणजे ३० वरून ५० वर जाताना जाडी दीडपटीहून जास्त होऊ शकते. पहिल्या आकड्याच्या चाचण्या शून्याच्या बऱ्याच खाली होतात, २०डब्ल्यूचीसुद्धा उणे १५ अंशांना. महाराष्ट्रात इतकी थंडी कुठेच पडत नाही, त्यामुळे नाशिकच्या डिसेंबरातही २०डब्ल्यूने गाडी चालू होईल. पण १०डब्ल्यू सकाळच्या पहिल्या किकनंतर हेडपर्यंत लवकर चढतं, आणि इंजिनची बरीच झीज त्या पहिल्या काही सेकंदांत होते.

‘जुनी झाली, आता जाड टाका’

हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. इंजिन झिजलं की भागांमधली फट वाढते आणि पातळ ऑइल त्या फटीत दाब धरू शकत नाही. थोडं जाड ऑइल तिथे टिकतं, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज कमी होतो आणि गाडी ऑइल कमी खाते. मात्र स्प्लेंडरसारख्या इंजिनातल्या ऑइलच्या वाटा ३० नंबरच्या हिशेबाने केलेल्या आहेत. तिच्यात ५० नंबर ओतलं तर हेडमधल्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यापर्यंत) ते उशिरा पोचतं. आवाज दबतो, त्यामुळे आपल्याला बरं वाटतं, आणि हेड मात्र कोरडं घासत राहतं.

म्हणून आधी मोजून बघा. ऑइल डिपस्टिकच्या (पातळी मोजायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा आणि ५०० किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. मग मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा आणि पुन्हा वरच्या खुणेला येईपर्यंत किती ऑइल लागलं ते मोजा. मी असं ठरवतो: २०-३० मिली लागलं तर मॅन्युअलमधलीच ग्रेड ठेवायची. ५०-६० मिलीच्या आसपास गेलं, किंवा इंजिन तापल्यावर टॅपेट वाजायला लागले, तर एकच पायरी वर जायचं. ३० असेल तर ४०, त्याच्या पुढे नाही. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे दिवसभर गाडी पळवणाऱ्यांनी उन्हाळ्यापुरती एक पायरी चढली तर मला ते पटतं.

१०० मिलीच्या वर लागत असेल, तर प्रश्न ऑइलने सुटणार नाही. सकाळी चालू करताना निळसर धुराचा एक झोत येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेली. चढावर, रेस दिल्यावर सतत धूर असेल तर पिस्टनच्या रिंगचं किंवा बोअरचं (सिलिंडरचं) काम आहे. जाड ऑइलवर अशी गाडी सहा महिने ढकलता येते, पण ते पैसे कामासाठी बाजूला ठेवलेले बरे.

उलटी चूकही होते. ज्या पल्सरला कंपनीने २०डब्ल्यू-५० सांगितलं आहे, तिच्यात ‘पातळ ऑइलने मायलेज वाढतं’ म्हणून १०डब्ल्यू-३० टाकतात. झिजलेल्या इंजिनात तर हे मुळीच करू नका.

निघालेलं ऑइल टाकून देण्याआधी

जुनं ऑइल पांढऱ्या डब्यात काढा आणि दोन बोटांत चोळून बघा. काळं असणं वाईट नाही, ऑइलने आतली घाण उचलली आहे इतकाच त्याचा अर्थ. धातूची बारीक राखाडी पेस्ट थोडी चालते, चमकणारे कण किंवा खवले दिसले तर मेकॅनिकला दाखवा.

दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे पाणी. कोकणात पावसाळ्यात रोज बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाणाऱ्या गाड्यांच्या झाकणाखाली असा पिवळट फेस जमतो, कारण इंजिन पुरतं तापतच नाही. आठवड्यातून एकदा गाडी वीसेक किलोमीटर फिरवून आणली की फेस कमी होतो. तरीही सगळं ऑइल दुधाळ असेल तर ते लगेच बदला.

आणि वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल, डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर कार्ब्युरेटरची फ्लोट पिन गळते आहे आणि पेट्रोल इंजिनात उतरतं आहे. जुन्या गाड्यांमध्ये हे नेहमीचं आहे. कितीही भारी ऑइल टाकलं तरी ते पेट्रोलने पातळ होणार. आधी पिन बदला, आणि गाडी लावताना कॉक बंद करायची सवय लावा.

आता बाटली वाचा

ग्रेडनंतर बघायचा शब्द म्हणजे जासो. हे जपानी मानक १९९८ मध्ये खास फोर-स्ट्रोक मोटरसायकलींसाठी आलं. एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, एमबी म्हणजे घर्षण कमी असलेलं, गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे पोटभाग झाले. एमए२ मध्ये क्लचची पकड सगळ्यात घट्ट. गिअरच्या गाडीला एमए किंवा एमए२ यांपैकीच काहीतरी हवं. बाटलीच्या मागे चौकटीत ही अक्षरं आणि नोंदणीचा कोड असतो, तो शोधा. स्कूटरची बाटली आणि मोटरसायकलची बाटली एकाच कंपनीची, एकाच रंगाची असू शकते, तेवढं सांभाळा.

तिसरी खूण एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकाची: एसएफ, एसजी, एसजे, एसएल, एसएम, एसएन. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं मानक नवं. एसएल २००१ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. जुन्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये एसएफ किंवा एसजी लिहिलं असेल आणि ते दुकानात मिळत नसेल, तर एसएल किंवा एसएन बिनधास्त घ्या, जासो एमए सोबत असेल तर. ही अट का, ते सांगतो. कॅम आणि टॅपेटची झीज रोखण्यासाठी ऑइलात जस्त-फॉस्फरसचं संयुग असतं. कारच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो, म्हणून एसएमपासून पुढे पातळ ग्रेडच्या ऑइलात तो ०.०८ टक्क्यांपर्यंतच ठेवण्याची मर्यादा आली. जासोने मोटरसायकलींसाठी तोच आकडा किमान ठरवला, ०.०८ ते ०.१२ टक्के. म्हणजे एमए ही दोन अक्षरं क्लचची आणि कॅमची, दोघांचीही काळजी घेतात. एपीआयच्या गोल शिक्क्यात खाली इंग्रजीत ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असं लिहिलेलं ऑइल मात्र ओल्या क्लचला देऊ नका.

मिनरल की सिंथेटिक?

मिनरल ऑइलवर वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला मी मिनरलच देतो. गिअरच्या दात्यांमध्ये चेंगरून मोटरसायकलचं कुठलंही ऑइल हळूहळू पातळ होतं, शिवाय जुन्या इंजिनात काजळी आणि पेट्रोल मिसळत राहतं. अशा वेळी एक महाग ऑइल सहा हजार किलोमीटर रेटण्यापेक्षा साधं ऑइल दर दोन-अडीच हजाराला बदलणं इंजिनाला जास्त मानवतं. फार उन्हात, लांब पल्ल्यावर गाडी पळवत असाल तर सेमी-सिंथेटिकचे पैसे वसूल होतात.

‘सिंथेटिकने सील फुटतात’ हे ऐकून घाबरू नका. कडक झालेल्या सीलभोवती वर्षांचा चिखल साठून गळती अडलेली असते. स्वच्छता करणारं नवं ऑइल तो धुऊन काढतं आणि आधीचीच गळती दिसायला लागते. म्हणूनच बरीच वर्षं ऑइल न बदललेली गाडी हाती आली, तर आधी साधं एमए ऑइल टाका, ५०० किलोमीटरला काढा, पुन्हा साधंच भरा. डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन ‘धुवायला’ कुणी सांगितलं तर नको म्हणा. त्याने वंगण निघून जातं आणि सुटलेले गाळाचे तुकडे जाळीत अडकतात.

विकत घेणं आणि भरणं

सर्व्हो, मॅक आणि एचपी ही सरकारी तेल कंपन्यांची ऑइलं त्यांच्या पेट्रोल पंपांवर मिळतात, आणि जुन्या गाडीला ती उत्तम चालतात. सुटं ऑइल घेऊ नका. झाकणाचं सील आणि बॅच नंबर बघा, झाकणाखालचा पत्रा शाबूत आहे ना ते घरी तपासा.

गाडी पाच मिनिटं चालवून ऑइल कोमट करा, मग ड्रेन बोल्ट काढा. बोल्टचं वायसर प्रत्येक वेळी नवं टाका, दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे. बोल्ट ताकद लावून आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. स्प्लेंडरला कागदी फिल्टर नसतो, जाळी असते, ती अधूनमधून साफ करून घ्या. पल्सरचा फिल्टर बदलावा लागतो.

९०० मिलीची बाटली एका दमात ओतू नका, आतल्या कोपऱ्यांत जुनं ऑइल थोडं उरलेलं असतं. ७०० मिली घाला, दोन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून तीन मिनिटं थांबा. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करा, डिपस्टिक पुसून नुसती टेकवा, आटे फिरवू नका, आणि मग थोडं थोडं वाढवत वरच्या खुणेपर्यंत या. काही गाड्यांना मोजण्याची पद्धत वेगळी असते, त्यामुळे मॅन्युअल बघा. जुनी बुलेट बरेच दिवस उभी असेल तर तिच्या ऑइलच्या टाकीतलं ऑइल खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या तळाच्या डब्यात) उतरतं आणि पातळी कमी दिसते. ती चालवून आणल्याशिवाय भर घालू नका.

निघालेलं काळं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, गावाकडे वाळवीसाठी लाकडाला फासतात तेही नको. त्यातले काही घटक कर्करोगाला कारण ठरतात. त्याच रिकाम्या बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या, तिथे ते पिंपात जमा करतात. आणि बाटली भंगारात घालणार असाल तर आधी खिळ्याने तिला भोकं पाडा, म्हणजे ती बनावट ऑइल भरून पुन्हा कुणाच्या हाती पडणार नाही.