आधी टोक दिसू दे

भूलशास्त्राच्या रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी मी सोनोग्राफीत बघून पहिला सुप्राक्लॅविक्युलर ब्लॉक द्यायला घेतला, म्हणजे गळपट्टीच्या हाडाच्या वर नसांभोवती औषध सोडून हात बधिर करायचा. टेबलावर मनगटाजवळ हाड मोडलेले एक ऊसतोड काका. स्क्रीनवर सगळं अगदी स्वच्छ: धडधडणारी सबक्लेवियन धमनी, तिच्या बाहेरच्या अंगाला द्राक्षांच्या घडासारखा नसांचा पुंजका, खाली पहिल्या बरगडीची पांढरी रेघ आणि शेजारी श्वासागणिक सरकणारा प्लुरा, म्हणजे फुप्फुसावरचा पातळ पडदा. सुईही दिसत होती. पुढे सरकवणार तोच मला शिकवणाऱ्या मॅडमनी माझं मनगट धरलं. "टोक दाखव."

मी ज्याला टोक समजत होते तो सुईचा मधलाच भाग होता. टोक बीमच्या, म्हणजे सोनोग्राफीच्या ध्वनिलहरींच्या पट्ट्याच्या बाहेर, खाली कुठेतरी गेलं होतं. खाली म्हणजे फुप्फुसाकडे.

नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगते. बीम कागदासारखा पातळ असतो. सुई जरा तिरकी झाली की तुकडा दिसतो, टोक निसटतं. अशा वेळी सुई जागीच थांबवायची, स्क्रीनवरून नजर काढून स्वतःच्या हातांकडे बघायचं. सुई आणि प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) एका रेषेत आहेत का? नसतील तर फक्त प्रोब हलवायचा. दोन्ही हात एकदम हलवले की काहीच सापडत नाही. तरीही शंका वाटली तर अर्धा मिली सलाईन सोडून बघा. काळा ठिपका फुगतो तिथे टोक.

हा हात पेशंटवर बसवू नका. जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून त्यात थोडा इसबगोल घाला, डब्यात घट्ट होऊ द्या. इसबगोलामुळे पडदा करडा दिसतो, खऱ्या मांसासारखा. मी रोज ड्यूटीनंतर अर्धा तास त्यात सुई घालत बसायचे.

मानेजवळच्या, काखेतल्या नसांना लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाचा प्रोब. जाड मांडीत, कमरेत खोल जायचं तर कर्व्हिलिनिअर, गोलसर तोंडाचा. नस धूसर वाटली तर गेन (सगळ्या चित्राचा उजळपणा) वाढवण्याआधी प्रोब किंचित कलवा. नसेचा उजळपणा कोनावर ठरतो, दोन-चार अंशांनी ती लख्ख उमटते. मशीनची नोंदणी मात्र आपण नसा पाहायला वापरत असलो तरी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखालीच असते. विभागातली कागदपत्रं पहिल्याच आठवड्यात समजून घ्या.

नस दिसते म्हणून औषधाचा हिशेब चुकवू नका. बुपिवॅकेन हे बधिर करणारं औषध मी किलोला २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. ५० किलोच्या माणसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्क्यांचं २० मिली. दर तीन-पाच मिलीला मागे ओढून रक्त येतंय का बघायचं, पेशंटशी बोलत राहायचं. तोंडात धातूची चव, कानात गुंग आवाज असं काही तो म्हणाला की तिथेच थांबायचं; औषध रक्तात चढल्याची ती खूण. आणि त्यावरचा उतारा, २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण) कोणत्या कपाटात आहे, ते सुई हातात घेण्यापूर्वी स्वतः जाऊन बघा. किलोला दीड मिली लागतं. काकांच्या वेळी मॅडमनी मला आधी ते कपाट उघडायला लावलं होतं, प्रोब नंतर हातात दिला.