सीमाभागातील बोलीचा अभ्यास कसा आरंभावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडील मराठी बोली नोंदवू पाहणाऱ्याने पहिल्याच भेटीत ‘तुमची भाषा कोणती?’ असे विचारू नये. 1956 पासून सीमाप्रश्न अनुभवणाऱ्या या पट्ट्यात तो प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा राहत नाही. ऐकणारा सावध होतो आणि घरची बोली बाजूला ठेवून पुस्तकी मराठीत उत्तरे देऊ लागतो. त्याऐवजी निपाणीत तंबाखूचे, शहापूर-वडगावात मागावरचे, खानापुरात भातलावणीचे काम कसे चालते, ते विचारावे. ध्वनिमुद्रणाची परवानगी मात्र आधीच आणि स्पष्ट शब्दांत घ्यावी.

गोळा काय करावे, याबाबत नवखा अभ्यासक हमखास चुकतो. कानडी शब्दांची गमतीदार यादी करणे सोपे असते, पण शब्द कोणतीही भाषा उसने घेते. मिसळ खरी किती खोल गेली, हे वाक्याच्या घडणीत दिसते. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या भाषांवर 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ या अर्थाचे वाक्य तेथील मराठी, कन्नड आणि उर्दूत जवळजवळ शब्दागणिक, त्याच क्रमाने येते, असे दाखवले आहे. शब्द मात्र बहुतांशी ज्या त्या भाषेचे राहिले. म्हणून दोन्ही भाषा बोलणाऱ्याकडून एकच वाक्य मराठीत आणि कन्नडमध्ये घ्यावे व दोन्ही रूपे एकाखाली एक लिहावीत.

अशा बोलीला लगेच ‘क्रिओल’, म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या संपर्कातून जन्मून लोकांची मातृभाषा झालेली नवी भाषा, म्हणण्याची घाई नको. कॅरिबियनमधील हैती या देशाची क्रिओल गुलामगिरीच्या मळ्यांवर घडलेली, बहुतांश शब्द फ्रेंचमधून घेतलेली स्वतंत्र भाषा आहे. आपल्याकडे तसे घडलेले नाही. मात्र हैतीत जन्मलेले, अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ मिशेल डीग्राफ यांची कार्यपद्धती येथे उपयोगी पडते. क्रिओल भाषांना इतर भाषांहून वेगळ्या, खालच्या वर्गात टाकणे अशास्त्रीय आहे, असे त्यांनी सप्रमाण मांडले. आणि (हे मला अधिक मोलाचे वाटते) हैतीच्या क्रिओलमध्ये विज्ञान व गणित शिकवण्याच्या साहित्यासाठीही काम केले. क्रिओलला हैतीच्या 1987 च्या संविधानाने फ्रेंचबरोबर राजभाषेचे स्थान दिले असूनही वर्गात फ्रेंचचाच वरचष्मा होता.

तेव्हा एखाद्या शिक्षकाने मुलाचे वाक्य ‘अशुद्ध’ ठरवले, तर बोलीच्या गोडव्याचे गोडवे न गाता त्या रचनेची आठ-दहा उदाहरणे मांडून तिच्यामागचा नियम दाखवावा. त्यापूर्वी लिहून काढलेला मजकूर बोलणाऱ्यालाच वाचून दाखवावा आणि ‘आम्ही असं म्हणत नाही’ असे त्याने म्हटले, की पुन्हा ध्वनिमुद्रण ऐकावे.