जवानाच्या मृत्यूनंतर पेन्शन आणि मदत: कुटुंबांनी या चुका टाळाव्यात

तेराव्यापर्यंत घरी पुढारी येतात, अधिकारी येतात, घोषणा होतात. घरच्यांचे सगळे लक्ष धनादेश कधी मिळणार याकडे असते. पुढची तीस-चाळीस वर्षे घर ज्यावर चालणार आहे तो कागद मात्र त्याच दिवसांत युनिटमध्ये तयार होत असतो आणि तो कोणी बघत नाही. म्हणून पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक तिथूनच सांगतो.

मृत्यूचा वर्ग न तपासणे

सैन्यदलात मृत्यू ए ते ई अशा पाच वर्गांत नोंदवला जातो. ए म्हणजे सेवेशी संबंध नसलेले कारण. बी म्हणजे सेवेमुळे जडलेला किंवा बळावलेला आजार. सी म्हणजे ड्युटीवरचा अपघात. डी म्हणजे अतिरेकी किंवा समाजकंटकांची हिंसा, आणि ई म्हणजे शत्रूची कारवाई, सीमेवरची चकमक, युद्धसदृश परिस्थिती. पेन्शनचा दर यावरच ठरतो.

समजा जवानाचे मूळ वेतन ३०,००० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, म्हणजे हिशेबात धरायचे वेतन ३५,२०० रुपये.

- ए वर्ग: साधी फॅमिली पेन्शन. सेवेत मृत्यू झाल्यास पहिली १० वर्षे ५० टक्के म्हणजे १७,६००, नंतर ३० टक्के म्हणजे १०,५६०.
- बी आणि सी: स्पेशल फॅमिली पेन्शन, ६० टक्के, २१,१२०.
- डी आणि ई: लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, १०० टक्के, पूर्ण ३५,२००.

या सर्वांवर महागाई भत्ता वेगळा. गावाने तिरंग्यात निरोप दिला, पेपरात ‘शहीद’ छापून आले, म्हणून वर्ग ई आपोआप लागत नाही. रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे लष्करी कार्यालय) बघते ते कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (लष्कराच्या अधिकृत चौकशीचा) निष्कर्ष आणि ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईत किंवा मोहिमेत झालेली हानी) की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (इतर कारणाने झालेली हानी) ही नोंद. घोळ बहुधा इथेच होतो. गाडी दरीत कोसळली, हिमकडा अंगावर आला, चौकीवर श्वास लागून मृत्यू झाला, अशा वेळी जवान सरकारने अधिसूचित केलेल्या लष्करी मोहिमेत तैनात होता का, हा प्रश्न निर्णायक ठरतो आणि अहवालात मोहिमेचा उल्लेख राहून जातो. युनिटमधून सोबत आलेल्या अधिकाऱ्याला किंवा जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) साहेबांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: कॅज्युअल्टी कोणत्या प्रकारात कळवली, चौकशी कधी पूर्ण होणार, मोहिमेचे नाव नोंदीत आहे का. मग हेच रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा आणि पोच जपून ठेवा. निष्कर्षाची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा.

सुट्टीवर जाताना किंवा परतताना प्रवासात अपघात झाला तर तो प्रवास ड्युटीत धरला जाऊ शकतो. त्यासाठी रजेचा दाखला, रेल्वेचे तिकीट, एफआयआर आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. खिशातले तिकीट कपड्यांबरोबर फेकले जाते आणि मग प्रवास सिद्ध करता करता दमछाक होते.

‘पार्ट टू ऑर्डर’ झाली की नाही हे माहीत नसणे

लग्न आणि मुलांचे जन्म युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डरने सेवापुस्तकात चढतात. लग्न झाले, रजा संपली, जवान परत गेला आणि नोंद राहिली, असे बऱ्याचदा होते. मग विवाह प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, शपथपत्र असा फेरा सुरू होतो. आधार, पॅन, बँक पासबुक आणि सेवापुस्तक या चारही ठिकाणी पत्नीचे नाव एकसारखे हवे. माहेरचे नाव एकीकडे आणि सासरचे दुसरीकडे असले की ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत प्रकरण अडकते. पत्नीची नोंद व्यवस्थित असेल तर फॅमिली पेन्शनसाठी दिवाणी न्यायालयाच्या वारसा प्रमाणपत्राची गरज नसते. वकिलाकडे धावण्याआधी रेकॉर्ड ऑफिसला विचारा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आहे.

नॉमिनी आणि पेन्शनचा हक्कदार एकच समजणे

पेन्शन नियमाने ठरते आणि आधी पत्नीला मिळते. ग्रुप इन्शुरन्स आणि भविष्य निर्वाह निधी मात्र नॉमिनेशनप्रमाणे जातात. भरतीच्या वेळी आईवडिलांचे नाव लिहिलेले असते आणि लग्नानंतर ते बदलायचे राहते. सासू-सून वादाचे मूळ पुष्कळदा हेच असते. सेवेत असलेल्या जवानांनी हा परिच्छेद वाचून आजच आपले नॉमिनेशन तपासावे. वाद उभा राहिलाच तर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांसमोर बसून लेखी तोडगा काढा. तक्रारींच्या पत्रांनी दोन्ही बाजूंचे पैसे थांबतात.

पेन्शनचे खाते पत्नीच्या एकटीच्या नावावर असावे. दीर किंवा भावाबरोबर संयुक्त खाते उघडू नका, कोऱ्या धनादेशांवर सह्या करू नका. मोठी रक्कम आल्याचे गावात लगेच कळते, विमा एजंटांना तर त्याहून आधी.

सानुग्रह मदतीत केंद्र आणि राज्य यांची गल्लत

केंद्राची एकरकमी मदत १ जानेवारी २०१६ पासूनच्या दराने अशी: ड्युटीवरचा अपघात किंवा अतिरेक्यांची हिंसा: २५ लाख; सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई किंवा अतिउंच, दुर्गम चौकीवर हवामानाने आलेला मृत्यू: ३५ लाख; युद्धात शत्रूच्या कारवाईत मृत्यू: ४५ लाख. बॅटल कॅज्युअल्टी असेल तर आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंडातून वेगळे ८ लाख. राज्याची मदत पूर्णपणे निराळी, तिचा प्रस्ताव जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. महाराष्ट्रात ही मदत १ कोटी आहे, पण जन्म महाराष्ट्रातला किंवा सलग १५ वर्षांचे वास्तव्य ही अट आहे. सतत बदल्या झालेल्या अधिकाऱ्यांची कुटुंबे इथे अडतात. असे एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये विशेष बाब म्हणून पत्नीला ६० लाख, वडिलांना ४० लाख मंजूर झाले. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जुने रेशनकार्ड शोधून ठेवा.

बँकेचा विमा तर जवळजवळ सगळेच विसरतात. डिफेन्स सॅलरी पॅकेजच्या खात्यावर अपघात विमा असतो आणि दाव्याची मुदत बँकेप्रमाणे बदलते. पासबुकात दरवर्षी ४३६ किंवा २० रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे प्रत्येकी २ लाख तपासा. २० रुपयांचा विमा फक्त अपघातासाठी आहे. खाते बंद करण्याची घाई करू नका.

अग्निवीर आणि निमलष्करी दले

अग्निवीराच्या कुटुंबाला फॅमिली पेन्शन नाही. ४८ लाखांचा विमा मिळतो. मृत्यू सेवेमुळे झाला असेल तर ४४ लाख सानुग्रह, उरलेल्या काळाचे वेतन आणि सेवानिधी (अग्निवीराच्या नावाने साठणारी एकरकमी रक्कम). त्यामुळे इथेही ‘सेवेमुळे’ हा शब्द चौकशीत येणे निर्णायक. सीआरपीएफ, बीएसएफचे नियम वेगळे आहेत, त्यांनी आपल्या मुख्यालयाकडेच विचारावे.

नंतरची वर्षे

मोहिमेतील कर्तव्यावर मृत्यू झाला असेल तर फॅमिली पेन्शन आयकरातून मुक्त आहे. पीपीओमध्ये (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) तसा उल्लेख नसला की कर कापला जातो, म्हणून पीपीओ हातात आल्यावर पेन्शनचा प्रकार आधी वाचा. युद्धविधवांना ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) वर्गणी माफ आहे. मुलांच्या शिक्षण सवलतीवरची दरमहा १०,००० ची मर्यादा २०१८ मध्ये काढली गेली. पुनर्विवाह केला म्हणजे पेन्शन संपली असे समजून काही जणी वर्षानुवर्षे घुसमटत राहतात. मुले कोण सांभाळते यावर पेन्शनचे वाटप ठरते. आधी रेकॉर्ड ऑफिसचे उत्तर लेखी घ्या. हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा.

वर्ग चुकला असे वाटत असेल तर नकाराचे पत्र ज्या दिवशी मिळाले ती तारीख पत्रावरच लिहून ठेवा. त्यात अपिलाची मुदत दिलेली असते. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण: अंतिम आदेशापासून सहा महिने, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबई खंडपीठ. उशिरा गेल्यास पेन्शन सुधारते, पण थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांचीच मिळते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) वीर परिवार सहाय्यता योजनेची चौकशी करा; ती २०२५ मध्ये सुरू झाली.