एसकेएस रायफलमध्ये घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या वापरायच्या तर आधी बॅरल मोजा

मी टेक्सासला राहतो, इथे स्वतःपुरतं रीलोडिंग (काडतुसं घरी भरणं) करायला फेडरल लायसन लागत नाही, विकायचं असेल तर लागतं. भारतातल्या मंडळींनी याच्या वाटेला जाऊ नका, तिकडे सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी) सेंटरफायर रायफल साध्या लायसनवर मिळतच नाही. तर हे इकडे राहणाऱ्यांसाठी.

सगळे पहिल्यांदा विचारतात शिसं किती कडक हवं. अरे आधी माप बघा! माझ्याकडे युगोस्लाव्हियात बनलेली एसकेएस आहे, ५९/६६ मॉडेल. सुरुवातीला मी ३० कॅलिबरचा साचा घेतला, गोळी ०.३०९ इंचाला साईझ केली (दाबून त्या जाडीची केली) आणि खुशीत रेंजवर गेलो. वीसेक राउंडनंतर कागदावर भोकं आडवी पडायला लागली, घरी येऊन ब्रश फिरवला तर मिठाईवरच्या वर्खासारखे चकचकीत कपटे बाहेर आले. गोळी बारीक पडली की बाजूच्या फटीतून गरम गॅस निसटतो, गोळीच्या कडा वितळवतो आणि ते शिसं बॅरलला जाऊन चिकटतं.

म्हणून स्लगिंग करा, म्हणजे मऊ शिसं बॅरलमधून ठोकून काढून आतलं माप घ्या. रायफल रिकामी आहे ना ते दोनदा बघा, बोल्ट काढा, बॅरलला आतून थोडं तेल लावा आणि मासे धरायच्या गळाला लावतात तो मऊ शिशाचा सिंकर, बॅरलपेक्षा किंचित जाड, पुढच्या तोंडातून पितळी दांड्याने हळूहळू ठोकत आरपार काढा. लाकडी दांडा नको, तो फाटून आत अडकतो. एसकेएसला चार ग्रूव्ह (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचा) असतात त्यामुळे मायक्रोमीटर समोरासमोर नीट बसतो. माझं माप ०.३११ आलं, आता मी ०.३१२ ला साईझ करतो. ग्रूव्हपेक्षा एक-दोन हजारांश इंच जास्त, एवढं पुरतं.

मिश्रणाचं म्हणाल तर ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी हे जुनं खात्रीचं प्रमाण. गाडीच्या चाकांची वजनं वितळवत असाल तर जस्ताची आधी वेगळी काढा, शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं आणि जस्त ४१९ ला, म्हणून भांडं ४०० च्या खाली ठेवलं की चुकून राहिलेलं जस्त वर तरंगतं, ते चमच्याने काढून टाका. भांड्यात पाण्याचा एक थेंबही जाऊ देऊ नका, वाफ होऊन अख्खं शिसं अंगावर उडतं. गॅरेजचं दार उघडं ठेवा, चष्मा आणि हातमोजे घाला, वरची मळी काढताना धूळ उडवू नका, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. स्वयंपाकघरातलं भांडं एकदा यात वापरलं की परत आत न्यायचं नाही, घरात लहान मुलं असतील तर हे अजिबातच विसरू नका. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या.

सेमी-ऑटोमध्ये खरी अडचण गॅस पोर्टची, म्हणजे बॅरलमधल्या ज्या भोकातून गॅस पिस्टनकडे जातो त्याची. गोळीच्या बुडाला तांब्याचा गॅस चेक (छोटी टोपी) बसवाच, नाहीतर बुडाची कड पोर्टवर खरवडते आणि ते शिसं पोर्टमध्ये, पिस्टनवर जमतं. एसकेएसचा पिस्टन खोलून पुसता तरी येतो, एआर-१५ रायफलची ती बारीक गॅस ट्यूब साफ करायची म्हणजे डोकेदुखी, म्हणून नवशिक्याने पिस्टनवाल्या रायफलपासून सुरुवात करावी असं माझं मत. काडतुसाच्या केसचं तोंड थोडं फाकवा म्हणजे गोळी बसवताना सोलवटणार नाही, मग हलका क्रिंप द्या (केसचं तोंड गोळीवर दाबून घट्ट करा) कारण रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर, आपटून गोळी आत सरकली तर प्रेशर वाढतं.

पावडर रीलोडिंग मॅन्युअलमध्ये कास्ट (ओतलेल्या) बुलेटसाठी दिलेल्या सुरुवातीच्या मापापासूनच, अंदाजपंचे काही नाही. ५९/६६ ला ग्रेनेडसाठी गॅस बंद करायचा व्हॉल्व्ह आहे, तो बंद करून एकेक गोळी झाडून मी आधी ग्रुप (गोळ्या किती जवळजवळ लागतात) बघतो, मग व्हॉल्व्ह उघडून बोल्ट पूर्ण मागे येतोय का ते बघत मॅन्युअलच्या मर्यादेतच थोडंथोडं वाढवतो. सेकंदाला १८०० ते २००० फुटांच्या आसपास माझी रायफल छान चालते.

आणि बोल्टमधली फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून ते पेटवणारी पिन. ती मोकळी खुळखुळते, स्प्रिंग नसते, ग्रीस किंवा गोळीला लावलेल्या ल्यूबची (वंगणाची) घाण बसून पुढे अडकली तर बोल्ट बंद होतानाच राउंड उडू शकतो. बोल्ट कानाशी धरून हलवा, खुळखुळ आवाज आला नाही तर त्या दिवशी रायफल लोड करू नका.