जुना १८६५० सेल लोडवर तपासा
जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम-आयन) सेल मल्टिमीटरवर ४.२ व्होल्ट दाखवतो म्हणून चांगला समजू नका. चार्ज केल्यावर दमलेला सेलही तेवढे दाखवतो. पूर्ण चार्ज करून तासभर ठेवा, व्होल्टेज टिपा. मग १ अँपिअरचा लोड (तेवढा प्रवाह ओढणारा रोध किंवा दिवा) लावून काही सेकंदांनी पुन्हा मोजा. ४.१८ चे ४.१० झाले, तर अंतर्गत रोध (सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा) ०.०८ व्होल्ट भागिले १ अँपिअर, म्हणजे ८० मिलिओहम: साध्या टॉर्चला चालेल, ड्रिलला नाही. प्रोब सेलच्या टोकांनाच टेकवा, होल्डरच्या स्प्रिंगला नको, नाहीतर स्प्रिंगचा रोधही त्यात धरला जातो आणि चांगला सेल उगाच बाद होतो. क्षमतेसाठी ०.५ अँपिअरने ३ व्होल्टपर्यंत उतरवा. ४ तास टिकला तर २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास). चार्जिंगला चटका बसेल इतका तापणारा किंवा २ व्होल्टखाली गेलेला सेल मात्र तपासत बसू नका, थेट ई-कचऱ्यात द्या.