बंदिस्त गाई-वासरं: या चुका टाळा

रानात चरणारी गाय आपली अडचण आपणच भागवते. चारा संपला तर पुढं सरकते, ऊन लागलं तर सावली गाठते, व्यायला कोरडी जागा शोधते. मांसासाठीच्या जातींच्या गाई वासरांसह बंदिस्त ठेवल्या की हे सगळं माणसाच्या अंगावर येतं. गव्हाणीत जे पडेल आणि पायाखाली जे असेल तेवढंच त्यांचं. त्यातही सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वासरू हिशेबात न धरल्यामुळं.

गाई मोजल्या, वासरं राहिली

पहिले दोनेक महिने वासरू दुधावर भागवतं, म्हणून खाद्याचं गणित गाईंच्या संख्येवर बसवलं जातं आणि पुढंही तसंच चालू राहतं. तिसऱ्या महिन्यात वासरू आपल्या वजनाच्या साधारण १ टक्का शुष्क पदार्थ (खाद्यातलं पाणी वगळून उरतो तो भाग) खाऊ लागतं. १२० किलोचं वासरू म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. अशी ५० वासरं असली तर रोज ६० किलो शुष्क पदार्थ गाईंच्या वाट्यातून जातो. महिन्याभरात गाईंच्या बरगड्या दिसायला लागतात आणि दोष चाऱ्याच्या प्रतीवर जातो. चारा तोच असतो, फक्त खाणारी तोंडं वाढलेली असतात. तिसऱ्या महिन्यापासून वासरांचा वाटा वेगळा मोजून खाद्यात घाला आणि तो दर महिन्याला वाढवा.

जागाही तशीच मोजा. मोजून खाद्य दिलं की सगळ्या गाई एकाच वेळी गव्हाणीवर येतात, म्हणून प्रत्येक गाईला किमान ६० ते ७५ सेंटिमीटर लांबी लागते. वासरामागं आणखी ३० ते ४५ सेंटिमीटर धरा. वासरू जिथं खातं तिथं गव्हाणीची कड ४५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. याहून चांगला उपाय म्हणजे वासरांसाठी वेगळा कप्पा. त्याच्या दारातल्या उभ्या दांड्यांत ४० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवलं की वासरू आत जातं, गाय बाहेर राहते.

पाण्याचं तर हमखास चुकतं. टाकी गाईच्या उंचीची असते. दुपारी गाई पिऊन गेल्या की पातळी खाली जाते आणि वासराची मान तिथवर पोचत नाही. पाणी मिळालं नाही तर वासरू कोरडं खाद्यही खात नाही. त्यांच्या कप्प्यात एक बुटकं, रोज घासलेलं टाकं हवंच.

मुरघास ओल्या वजनावर मोजणं

खाद्य नेहमी शुष्क पदार्थावर बसवा. गाईला २० किलो मुरघास (हवाबंद खड्ड्यात आंबवलेला हिरवा चारा) ठरला आहे आणि त्यात ३५ टक्के शुष्क पदार्थ आहे, तर तिला ७ किलो मिळतो. पावसाचं पाणी शिरून तो ३० टक्क्यांवर आला की काट्यावर २०च दिसतात, पोटात मात्र ६ किलो जातो. शंभर गाईंमागं हा रोजचा १०० किलोंचा खड्डा आहे, आणि काट्याकडं कितीही बघितलं तरी तो दिसत नाही.

तपासणी सोपी आहे. मुरघासाच्या खड्ड्यातून वेगवेगळ्या जागचा मिळून २०० ग्रॅम नमुना घ्या. मायक्रोवेव्हमध्ये शेजारी पाण्याचा पेला ठेवून थोडा थोडा वेळ वाळवा, दर वेळी वजन करा आणि वजन उतरायचं थांबलं की थांबा. ७० ग्रॅम उरले तर ३५ टक्के. आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक पावसानंतर हे करा.

हंबरणं ऐकून खाद्य वाढवणं

बंदिस्त गाईला भरपूर काड घालून पोट भरण्यापेक्षा ऊर्जा जास्त असलेलं खाद्य मोजून देतात, वजनाच्या दीड ते दोन टक्के शुष्क पदार्थ. तिची गरज भागते, पण पोट भरल्यासारखं वाटत नाही. पहिले एक-दोन आठवडे ती हंबरते, कुंपणाला रेटते. इथं मन घट्ट ठेवा. खाद्य पुरतंय की नाही हे आवाजावरून ठरत नाही, पाठ आणि बरगड्या हातानं चाचपून ठरतं. १ ते ९ च्या मोजपट्टीत विताना गाईचा बॉडी स्कोअर (१ म्हणजे हाडकी, ९ म्हणजे फार लठ्ठ) ५ आणि पहिलारू कालवडीचा ६ असावा. कालवडी आणि दबून राहणाऱ्या गाई वेगळ्या ठेवल्या नाहीत तर जोरकस गाई त्यांचा घास खातात.

मोजून द्यायचं म्हणून लांब धाग्याचा चारा मात्र तोडू नका. वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे ५०० किलोच्या गाईला अडीच किलो, हवाच. तो घटला किंवा धान्य एकदम वाढवलं तर कोठीपोटात (गाईच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटात) आम्ल साठतं. शेण पातळ, करडं, फेसाळ होतं आणि रवंथ थांबतो. आराम करणाऱ्या गाईंपैकी निम्म्या तरी रवंथ करताना दिसायला हव्यात. धान्य दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं चढवा आणि खाद्याची वेळ रोज तीच ठेवा.

काड लांब राहिलं तर गाई निवडून खातात. भरडा आधी संपतो आणि शेवटी येणाऱ्या वासराला देठं उरतात. कुट्टी ५ ते ८ सेंटिमीटर करा आणि मिश्रण मळीच्या पाण्यानं ओलसर ठेवा.

खनिजं अंदाजानं टाकणं

कोंडा आणि मद्यार्क कारखान्यातला धान्याचा चोथा यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी असतं. कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट तरी हवं. त्यासाठी पशुखाद्याच्या प्रतीची चुनखडीची पूड वापरा, कळीचा चुना चुकूनही नको. हे बिघडलं तर नर वासरांना, खच्ची केलेल्यांना जास्त, मूतखडा होतो. वासरू कुंथतं, पोटाला लाथा मारतं, मूत्रद्वाराच्या केसांवर खडे चिकटलेले दिसतात. लघवी तुंबली असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

दुसरी उणीव जीवनसत्त्व ‘अ’ची. हिरवा चारा नसला आणि काड जुनं असलं की ती येते. वासरं अशक्त जन्मतात, कधी आंधळी. गाभण गाईला रोज सुमारे ३० हजार आणि पाजणाऱ्या गाईला ४५ ते ५० हजार आंतरराष्ट्रीय एकक द्या. खाद्यात मोनेन्सिन हे मिसळायचं औषध असेल तर ते घोड्या-गाढवांच्या तोंडी लागू देऊ नका, त्यांना ते प्राणघातक आहे.

सगळी वासरं एकाच कप्प्यात

थोरलं वासरू स्वतः धडधाकट दिसतं, पण शेणातून जंतू टाकत राहतं. कालच जन्मलेलं त्याच जागी लोळतं, चिखल लागलेलं आचळ चोखतं आणि हगवणीनं पडतं. एका कप्प्यातल्या वासरांच्या वयात दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको. म्हणून न व्यालेल्या गाई आठवड्या-दहा दिवसांनी स्वच्छ कप्प्यात पुढं न्या, व्यालेल्या मागंच राहू द्या. पहिल्या सहा तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. ४० किलोच्या वासराला १२ तासांत मिळून ३ ते ४ लिटर.

उघड्या वाड्यात गाय-वासराच्या जोडीला ४५ ते ७५ चौरस मीटर जागा आणि ३ ते ५ टक्के उतार ठेवा. अंथरूण कोरडं आहे का, हे उभ्यानं कळत नाही. त्यात गुडघे टेकून बसा; कापड ओलं झालं तर वासरूही ओल्यातच निजतंय.

हगवण लागली की दूध बंद करतात, ती मोठी चूक आहे. दूध चालू ठेवा आणि मधल्या वेळात दिवसातून दोन-तीनदा दोन-दोन लिटर क्षारमिश्रित पाणी पाजा. डोळे खोल गेले, तोंड गार लागलं, चोखायची ताकद राहिली नाही, तर शिरेतून सलाईन लागेल. तीन आठवड्यांनंतरची रक्ती हगवण बहुधा कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची असते. तिथं एका वासराचा नव्हे, अख्ख्या कप्प्याचा विचार करून औषध ठरवावं लागतं.

चारा वाचेल म्हणून दूध लवकर तोडणं

तीन-चार महिन्यांवर दूध तोडलं तर गाईचं खाद्य घटतं, पण तेवढंच वासराला घालावं लागतं. खरा फायदा वेगळा आहे: दूध आटलं की गाय अंग धरते. त्यासाठीच तोडायचं असेल तर नंतर जे खाद्य द्यायचं तेच निदान दोन आठवडे आधी वासरांच्या कप्प्यात सुरू करा. आई दूर गेली त्याच दिवशी गव्हाणही अनोळखी असेल तर वासरू दोन्हीकडून उपाशी राहतं.